गाळलेले सात आठवडे

टपाल कचेरीत चौतीस वर्षं पत्रं निवडल्यामुळे त्यांना सगळे ‘शिक्कासाहेब’ म्हणत. पत्रात लिहिलेल्या तारखेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माणूस वाटेल ती तारीख घालतो, शिक्का थापा मारत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

त्या दुपारी मात्र शिक्कासाहेबांचा जीव टांगणीला लागला होता. उद्या सकाळी लेकीचं पित्ताशयाचं ऑपरेशन. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “तुमच्या घराण्यात कुणाला भुलीचा त्रास झालाय?” आणि यांनी मोठ्या तोऱ्यात “छे!” म्हणून टाकलं होतं. घरी येताना आठवलं, वडिलांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना दवाखान्यातच वारला होता. कशाने, ते घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

त्यांनी वडिलांची पत्र्याची पेटी पलंगावर पालथी केली. काकाच्या गोट्या, त्याचं प्रगतिपुस्तक, आणि आजीने परगावी शिकणाऱ्या वडिलांना लिहिलेली पत्रं. शिक्के बघून ओळीने लावली. दर आठवड्याला एक, आणि जिकडेतिकडे आनंदीआनंद. मग एक पत्र आलं : “धाकट्याच्या घशातल्या गाठी सोमवारी काढणार. किरकोळ आहे, काळजी नसावी.” त्यापुढे सात आठवडे काहीच नाही. नंतर थेट भिंतींना रंग दिल्याची बातमी.

टपालखातं एखादं पत्र गहाळ करील, ओळीने सात नाही! ते तडक उठले.

आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. वय चौऱ्याऐंशी, पण जीभ शाबूत.

“आत्या, काका कशाने गेला?”

“आता कशाला ती मढी उकरतोस?”

“पोरीला उद्या भूल देणार आहेत गं.”

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. “आईचा दंडक होता, वाईट बातमीचं पत्र वाचायचं आणि चुलीत घालायचं. घरात ठेवलं की ती बातमी परत येते म्हणे. दादानेही सगळी जाळली.”

“पण झालं काय?”

“भूल दिली आणि अंग तापलं. नुसती भट्टी. हातपाय लाकडासारखे ताठले. पोर उठलंच नाही रे. आमच्या मामाचंही तसंच झालं होतं.”

त्यांनी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. “बरं झालं सांगितलंत. उद्याचं पुढे ढकलू. आधी तुम्हा दोघांना तपासते. भुलीची दुसरी औषधं आहेत.”

फोन ठेवल्यावर भीतीची जागा रागाने घेतली. त्यांची नजर आत्याच्या वाकड्या गुडघ्यांवर गेली. वीस वर्षं लंगडत होती, पण ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती.

“म्हणून तू गुडघे करून घेतले नाहीस! स्वतःला जपलंस, आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीस?”

“सांगत नव्हते? पोरीचं ठरलं तेव्हापासून रोज म्हणतेय, कापाकापी नको, नको,” आत्या उसळली. “तुम्ही बापलेक हसलात.”