साहेबांच्या लघवीतला चुना

इस्पितळाच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत बसून बाटलीबाईंनी अठ्ठावीस वर्षं लोकांच्या लघवीच्या बाटल्या घेतल्या होत्या. नाव लिहायचं, चिठ्ठी चिकटवायची, झाकण तपासायचं. झाकण सैल निघालं तर मोठ्या डॉक्टरांचीसुद्धा बाटली परत जाई. नवा माणूस 'बाटलीबाई' ऐकून भलतंच समजे आणि नंतर खजील होई.

अशी करारी बाई, पण नवरा गेल्यापासून आतून कुणी दिवा मालवावा तशी झाली होती. रडल्या नाहीत, कुणाशी भांडल्या नाहीत. सकाळी देवापुढे हात जोडत, पण मागायचं काय ते सुचत नसे. कामावर जात, येत, जेवत. घरात त्या, ऐंशी पार केलेले सासरे आणि नवऱ्याने हौसेने आणलेला पांढरा ससा. नवरा त्याला 'साहेब' म्हणे, कारण तो स्वतः काही करत नसे आणि बाकी सगळे त्याच्यामागे धावत.

नवऱ्याला जाऊन सात महिने होत आले, तेव्हा साहेब कुबड काढून कोपऱ्यात बसायला लागले. मागचे पाय ओले, खालची कातडी लाल. जोर करकरून चार थेंब यायचे आणि ते वाळले की फरशीवर चुना सांडल्यासारखा थर. बाटलीबाईंनी तो बोटांनी चोळून पाहिला. वाळूसारखा खरखरीत लागला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे फोटो काढला. सशाच्या पोटात अंडं असावं तसं मूत्राशय पांढरंफटक दिसत होतं.

"कॅल्शियमचा गाळ," त्या म्हणाल्या. "आपण नको असलेलं कॅल्शियम शोषूनच घेत नाही. ससा जवळजवळ सगळं शोषतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. आज भूल देऊन धुऊन काढते. पण वय झालंय हो त्याचं, दुसऱ्यांदा भूल झेपायची नाही. कॅल्शियम येतंय कुठून, ते शोधा."

"मी शोधू?"

"मग काय, साहेब सांगणार?"

बाटलीबाईंना हसू आलं नाही. पण घरी येऊन त्यांनी वही काढली. गवत किती, पाला कुठला, पाणी किती, सगळं लिहिलं. दुकानातले दाणे बंद केले. रोज सकाळी साहेबांची लघवी बाटलीत धरायची, वर 'साहेब' अशी चिठ्ठी लावायची, तासभर बाटली उभी ठेवायची आणि तळाचा थर पट्टीने मोजायचा. आठ दिवस मोजला. थर काही हटेना.

नवव्या दिवशी सासरे दोन रात्रींसाठी लेकीकडे गेले, आणि थर निम्म्यावर आला. ते परतले, तशी दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा वर चढली. बाटलीबाईंनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि उठल्या.

"मामंजी, साहेबांना काय देता?"

"मी? मी काय देणार? माझ्याच दाताखाली काही येत नाही."

"मामंजी."

म्हातारा थोडा वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "तुझ्याच हातचं देतो, पोरी."

"माझ्या?"

"लेकाच्या गोळ्या. रोज सकाळी वाटीत काढून ठेवतेस. पाच. पहिल्या दिवशी वाटलं, सवयीने काढल्यास. दुसऱ्या दिवशी बोलायला आलो, पण जीभ रेटली नाही. मग आपला मीच उचलायला लागलो. कडू असतात त्या मोरीत सोडतो. हाडांसाठीची ती मोठी गोळी, गोड, चघळायची, ती साहेबांना आवडते. मी लेकीकडे होतो तेव्हाच्या वाटीतच साठल्या होत्या. एरवी संध्याकाळी तू रिकामी वाटी धुऊन ठेवतेस. म्हटलं, चाललंय ते चालू दे."

टेबलावर वाटी होती. वाटीत पाच गोळ्या होत्या. त्या कधी काढल्या, हे बाटलीबाईंना काही केल्या आठवेना.

"रोज?"

"एक दिवस चुकली नाहीस."

रागवायचं तरी कुणी कुणावर? माणूस जातो, सेवा हातातून सुटत नाही. ती भक्ती म्हणावी की झापड, ते एक देव जाणे.

बाटलीबाईंनी औषधवाल्याला फोन लावला. दर महिन्याला तोच घरपोच पुडकं पाठवी.

"त्या गोळ्या बंद करा."

"कुठल्या, बाई?"

"सगळ्याच."

"डॉक्टर बदलले वाटतं? काकांची तब्येत ठीक ना?"

बाटलीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ते गेले," त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आले. खिडकीतून "पुढचा" म्हणावं तसे आले.

"अरे देवा! कधी?"

"सात महिने झाले."

"पण बाई, तुम्ही तर दर महिन्याला..."

"हो."

बाटलीबाईंनी फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी दुसरा फोटो निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला. "स्वच्छ आहे. भूल नको, काही नको. सापडलं वाटतं कारण?"

"सापडलं."

"काय होतं?"

"घरातलंच होतं," असं म्हणून बाटलीबाईंनी साहेबांना पिशवीत घातलं.

घरी सासरे दारातच उभे होते. "काय म्हणाली?"

"नको म्हणाली भूल. सुटले साहेब."

म्हाताऱ्याने भिंतीला हात टेकला. त्याच्या डोळ्यांना धार लागली. बाटलीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आपल्यालाही रडू येईल म्हणून थोडा वेळ थांबून पाहिलं. आलं नाही. मग पिशवीची चेन उघडून त्यांनी साहेबांना जमिनीवर सोडलं आणि म्हणाल्या, "बसा मामंजी, चहा टाकते."