सुमनमावशींची डावी कड

हाताने सांधे बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टर डॉक्टरांच्या दवाखान्यात आमच्या शेजारच्या सुमनमावशी उभ्याच होत्या, कारण बसलं की कळ यायची. हात रिकामे, पण डावी कड अशी बाहेर काढलेली, जणू तिथे एखादं मूल बसलं आहे. या कडेवर त्यांनी अख्ख्या आळीची पोरं वागवली. मी तर शपथेवर सांगतो, निम्मं गाव तिथूनच खाली उतरून कामाला लागलं.

कंबर धरली असं समजून घरच्यांनी इतकं तेल चोळलं की गावातला तेलघाणा आटला. डॉक्टरांनी बोट मात्र कमरेच्या खाली ठेवलं.

“कणा जिथे खुब्याच्या हाडाला मिळतो, तो हा सांधा. कायम एकाच बाजूवर भार टाकलात, मावशी.” मग त्यांनी हलक्या हाताने दाब दिला, व्यायाम दाखवले.

“रविवारी नात परदेशी चालली. तोवर तिला उचलता येईल ना?”

“नाही हो. सांधा शांत व्हायला वेळ लागेल.”

“मग तुमच्या पदवीचं काय लोणचं घालू?” मावशी हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

मूल केव्हाच उतरून निघून जातं. त्याची जागा मात्र हाडं राखून ठेवतात, तीही दुखत दुखत.

बाहेर सुनेजवळ थांबलेली नात धावत आली आणि तिने सवयीने हात वर केले. मावशी थबकल्या. मग त्यांनी आपलं बोट तिच्यापुढे केलं.

“आज तू मला ने, बाई.”

एरवी वाऱ्याला मागे टाकणारी ती पोर फाटकापर्यंत पावलापावलाला थांबत गेली.