वरच्या बाईंचा चौथा आल्बम

दहा-बारा वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत आमच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन बाई राहायच्या. अमेरिकाना म्हणतात तसली, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या वळणाची गाणी त्या स्वतः इंग्रजीत लिहायच्या आणि गिटारवर गायच्या. पाठीशी कुठली कंपनी नव्हती. तीन आल्बम त्यांनी आपले आपणच काढले होते. सराव रोज सकाळी, पण दुपारचा एक वाजला की रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ. मग ओळ अर्धी राहिली तरी गिटार बंद.

चौथ्या आल्बमच्या तयारीत असतानाच त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि वरचे सूर गेले. जिन्यात भेटल्या तेव्हा मी बिचकतच विचारलं, "आता दुसऱ्या कुणाकडून गाऊन घ्याल का?"

"नाइन, नाही! आल्झो, म्हणजे असं बघा, आवाज खाली आलाय, तर गाणी खाली आणायची. गाणार मीच."

वर्षभर आम्ही त्या आल्बमची दहा गाणी हळूहळू खालच्या पट्टीत उतरताना ऐकली.

आल्बम निघाला तेव्हा एका शनिवारी दुपारी त्या जवळच्या वाचनालयात गायल्या. पहिल्याच गाण्यात आवाज चिरकला. त्या थांबल्या, "पुन्हा," म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरू झाल्या. पुन्हा तिथेच चिरकला. मी मान खाली घातली. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा मात्र त्या ती ओळ पार करून शेवटपर्यंत गेल्या. आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले, तोवर त्यांनी दुसरं गाणं धरलं होतं.