वाढवला, फोडला नाही

आधीच सांगून ठेवते, मला वाढवून सांगायची सवय आहे. नवरा म्हणतो, ही कोथिंबीर आणायला गेली तरी परत येईपर्यंत तिची लढाई होऊन गेलेली असते. तेव्हा पुढचं वाचताना रुपयातले चार आणे खुशाल कापून घ्या. फक्त नारळाच्या भागाला हात लावू नका. तो अगदी जसा घडला तसा आहे. जवळजवळ.

मी चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवते. तीन टन उचलणारी, पिवळीधमक, मागं घेताना अशी केकाटते की देहूरोडच्या छावणीतले जवान सावधान होतात. त्या सीटवर बसलं की मला आकुर्डीतल्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेलं धुणं दिसतं. पाऊस येणार असला तर इथूनच ओरडते, कपडे काढा गं!

त्याआधी सहा वर्षं मी पॅकिंगला होते. खोका उघडायचा, भरायचा, चिकटपट्टी लावायची. त्या सहा वर्षांतली चिकटपट्टी सरळ अंथरली तर आकुर्डी स्टेशनपासून लोणावळ्यापर्यंत रूळ गुंडाळून होतील. सकाळी आलं की मान खाली, ती सुटी झाल्यावरच वर. माझ्या डोक्यावर छत आहे की आभाळ, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

मग एक दिवस भिंतीवर पोस्टर लागलं. 'समान संधी.' त्यात हेल्मेट घातलेली एक बाई हसत होती, दात इतके पांढरे की ती आमच्या कँटीनचा चहा कधीच प्यालेली नसणार. ऑफिसातून विचारणा झाली, फोर्कलिफ्ट शिकायला कोण तयार आहे? आम्हा बायकांतून चार हात वर गेले. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून फोन आले आणि तीन हात खाली आले. माझा वरच राहिला, कारण माझ्या फोनची बॅटरी उतरली होती.

शिकले. लायसन काढलं. तीन महिने ट्रायल, दसऱ्यानंतर पक्कं करायचं की परत पॅकिंगला पाठवायचं ते ठरणार, असं साहेबांनी सांगितलं. साहेब म्हणजे आमच्या शॉपचे, कारखान्यातल्या आमच्या विभागाचे, मॅनेजर. माणूस भला, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना नेमकी पुण्यात मीटिंग असते.

एक गंमत तेव्हा कळली. जोवर मी खांबाला धडकत होते, तोवर सगळा शॉप माझ्यावर माया करत होता. "हळू ताई, होईल सवय." ज्या दिवशी मी चहा थंड व्हायच्या आत अख्खा ट्रक भरून दिला, त्या दिवशी माया आटली. दुसऱ्या दिवशी सीटची गादी गायब. तिसऱ्या दिवशी आरशावर टिकली चिकटवलेली. मोबाइलवर पुरुषांवरच्या अन्यायाचे असे मेसेज फिरायला लागले, की मला वाटलं आता हे बिचारे काळ्या फिती लावून बाळंतपणाची रजा मागणार. टपरीवर कुणीतरी माझ्या नवऱ्याला विचारलं, "राव, घरात स्टीअरिंग कुणाकडं असतं?"

तो भोसरीला वेल्डर आहे, ठिणग्यांना भीत नाही. पण त्या दिवशी घरी येऊन ताटावर बसला आणि भाकरी नुसती कुस्करत राहिला.

"ते बोलतात गं," म्हणाला.

"बोलू दे की."

"तुला नाही, मला बोलतात."

मी आणखी एक भाकरी वाढली.

या सगळ्यांचे म्होरके म्हणजे दादा. शॉपमधले सगळ्यांत जुने फोर्कलिफ्टवाले. जिथं आमची बस उभी राहते, तिथं त्यांच्या आजोबांची ज्वारी होती. माणूस वाईट नाही, हे मी शपथेवर सांगेन. पहिल्या आठवड्यात मालाच्या लाकडी पॅलेटखाली गाडीचे काटे कसे घालायचे ते त्यांनीच शिकवलं. "सुई ओवल्यावानी घाल, भाला मारल्यावानी नगं." पण त्यांचा पुतण्या दोन वर्षं त्याच सीटची वाट बघत होता. शिवाय त्यांना मनापासून वाटत होतं, की आज ही एक बाई बसली तर उद्या कंपनी सगळ्या सीटवर कमी पगारातल्या बायका बसवेल. ही भीती खोटी म्हणायची माझी छाती नाही. पण त्यासाठी कंपनीशी भांडायचं सोडून ते माझ्याशी भांडायला आले.

एके सकाळी माझ्या गाडीच्या चाकाला पाय टेकवून उभे राहिले. मला ते तेव्हा मॅडम म्हणायचे. म्हणजे शिवीच.

"मॅडम, तुमचं काम चांगलं हाय. आमी न्हाई म्हनत न्हाई. पन रीत हाय ना."

"कसली रीत, दादा?"

"खंडेनवमीला जो गाडी चालवतो त्योच तिच्या म्होरं नारळ फोडतो. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणाले. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा होते, ही गोष्ट खरीच.

"आन बाईमानसानं नारळ फोडायचा नसतो. व्हय का न्हाई?"

लहानपणापासून मीही हेच ऐकत आले होते.

"मग झालं तर. गाडी बाईची आसूच शकत न्हाई."

काय डोकं! हा माणूस कोर्टात असता तर आंब्याच्या झाडाला नारळ लावून दाखवले असते. दोन दिवसांत टाइप केलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला आणि त्याची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लागली. 'महिलेने नारळ फोडणे परंपरेविरुद्ध असल्याने सदर गाडी पुरुष ऑपरेटरकडे द्यावी.' खाली चाळीसेक सह्या. मी एकेक वाचत गेले. शेवटून तिसरी सही पॅकिंगमधल्या माझ्या शेजारणीची होती. सहा वर्षं आम्ही एकाच डब्यात जेवलो होतो. मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिचा नवरा तिथंच पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता.

साहेबांनी मला बोलावलं. "हे बघा, भावनांचा प्रश्न आहे. सणाला वाद नको. त्या दिवशी तुमच्या गाडीची पूजा बिनबोभाट झाली, तर सीट तुमची. बोभाटा झाला तर दसऱ्यानंतर पॅकिंग. मी तरी काय करणार?"

त्या दिवशी बसमध्ये चिखलीपर्यंत मी खिडकीला कपाळ लावून होते. माझी मान पुन्हा खोक्यात जाणार, एवढंच डोळ्यांपुढे होतं.

घरी सासूबाई. आम्ही लातूरकडचे, मी त्यांना आत्या म्हणते. माझ्या कंपनीच्या पँटवर त्यांनी महिनाभर अबोला धरला होता, त्यामुळे त्यांच्याकडून आशा नव्हतीच. तरी मी अर्जाचा मोबाइलमधला फोटो काढला आणि वाचून दाखवला. त्या शेंगा निवडत होत्या. थांबल्या.

"काय लिवलंय? नारळ फोडणे?"

"हो."

"कुण्या गाढवानं लिवलं? सणासुदीला फोडतेत का? फोडतेत ते टाळकं. नारळ वाढवतेत."

बरोबरच की! देवापुढचा नारळ फोडला असं आपण म्हणत नाही. अशुभ. वाढवला म्हणतो. बायकांची रीत सांगायला निघालेले चाळीस लोक खुद्द नारळाची रीत विसरले होते.

"आन वाढायचं काम कुणाचं गं?" आत्या पेटल्या. "जलमभर पंगती कुणी वाढल्या? भाकर आमी वाढायची, लेकरं आमी वाढवायची, आन नारळ तेवढा ह्यांनी?"

मग हळूच म्हणाल्या, "मी वाढवलाय."

मामंजी लवकर गेले. गावात आमची पिठाची गिरणी होती, ती आत्यांनी एकटीनं अकरा वर्षं चालवली, हे मला माहीत होतं. पण दर खंडेनवमीला त्या गिरणीचं दार आतून लावून, जात्यापुढं स्वतः नारळ वाढवायच्या, हे त्यांच्या पोटच्या पोरालाही माहीत नव्हतं. "दिवसभर पट्टा बंद. पूजा झालेलं मशीन दसऱ्यापातूर हलवायचं नाही. लोकाला वाटायचं भाच्यानं वाढवला. अकरा वर्सात गिरणीला काय झालं नाही, मला काय झालं नाही." शेंगा पुन्हा हातात घेतल्या. "मी दार लावून वाढवला. तू उघड्यावर वाढव."

खंडेनवमी उजाडली. शॉप असा सजला होता की झेंडूच्या वासानं प्रेसनाही शिंका येत असतील. मेन स्विच बंद. एकेका मशीनपुढं पाट, हळदकुंकू, धाडकन नारळ, टाळ्या. क्रेनच्या बटणांनासुद्धा हार. बाकीच्या तिन्ही फोर्कलिफ्ट पुजून झाल्या. चौथी, माझी, दारात बोडकीच उभी. तिचा वाद नंतर बघू म्हणून सगळे तिला वळसा घालून जात होते. माझ्या पिशवीत आत्यांनी दिलेला नारळ. माझं काळीज असं धडधडत होतं की शेजारच्यानं विचारलं, कुणी कॉम्प्रेसर चालू केला?

शेवटचा मानाचा नारळ मोठ्या प्रेसचा. तो दादांच्याच हातून वाढायचा, कित्येक वर्षांची रीत. दादांनी बाह्या सरसावल्या, नारळ डोक्यावर नेला, एकवार माझ्याकडं बघितलं आणि हाणला.

हाताला तेल होतं की नजरेत माझी गाडी होती, देव जाणे. नारळ निसटला. फरशीवर आपटून उडाला, तडादेखील न जाता टणाटणा उड्या मारत गेला आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या डायखाली, म्हणजे प्रेसच्या दोन टनी लोखंडी साच्याखाली, शिरला. पार आत. अख्खा.

शॉपमध्ये अशी शांतता पसरली की उंदीर जांभई देता तर ऐकू आली असती.

कुणी झाडू घातला, कुणी गज. नारळ आणखी आत जाऊन अडकला. "दुसरा घ्या," साहेब म्हणाले.

"देवापुढं ठिवलेला नारळ तसाच टाकायचा?" दादांचा चेहरा पिठासारखा झाला होता. "वर्सभर त्या प्रेसवर हात घालायचाय आमाला, सायेब."

डाय उचलायला हवा. क्रेन? हार घातलेली, लाइट बंद. फोर्कलिफ्ट? तिघींना हळदकुंकू लागलेलं, दसऱ्यापर्यंत हलवायच्या नाहीत. चाळीस माना सावकाश वळल्या. कुठं वळल्या असतील? अख्ख्या शॉपात अजून न पुजलेली, म्हणून चालवायला मोकळी अशी एकच गाडी होती. आणि ती न पुजलेली होती यांच्याच अर्जामुळं!

मी जागची हलले नाही. नखं बघत उभी राहिले. चांगली होती नखं.

दादांनी घसा खाकरला. "मॅडम."

मी दुसऱ्या हाताची नखं बघितली.

"ताई," दादा म्हणाले. "जरा गाडी काढा की."

असा सेल मारला! भर शॉपातून हॉर्न देत आले, माणसं लव्हाळ्यासारखी दुभंगली. काटे डायखाली घातले ते सुई ओवल्यावानी, भाला मारल्यावानी नाही. लिव्हर ओढला. दोन टनांचा डाय अलगद उठला, जसं झोपलेलं मूल उचलावं. लांब गज घालून कुणीतरी नारळ ओढून काढला. दादांनी तो कपाळाला लावला आणि या खेपेला नीट वाढवला.

मी डाय ठेवला, गाडी जागेवर नेली, खाली उतरले. पाट मांडला. काट्यांना हळदकुंकू लावलं. पिशवीतून नारळ काढला.

"ताई, अर्ज दिलाय आमी," मागून एक आवाज आला. दादांचा नव्हता.

"वाचलाय," मी म्हणाले. "बाईनं नारळ फोडायचा नाही असं लिहिलंय. मी कुठं फोडतेय? मी वाढवतेय. अर्जात वाढवायची बंदी असेल तर दाखवा."

सगळे दादांकडं बघायला लागले. दादा बराच वेळ बोर्डाकडं बघत राहिले. वाचून झालं असावं.

"फोडनं लिवलंय खरं," ते पुटपुटले. "टायपिंगवाल्याची चूक." आणि बाजूला झाले.

मी नारळ उचलला आणि एका घावात वाढवला. पाणी थेट साहेबांच्या बुटांवर. पहिली टाळी वाजली ती पॅकिंगच्या बाजूनं. कुणाची ते मी वळून बघितलं नाही. सहा वर्षं शेजारी बसल्यावर टाळी ओळखू येते. खोबऱ्याचे तुकडे करून वाटायला पान नव्हतं, म्हणून बोर्डावरची झेरॉक्स काढली आणि तिच्यावर प्रसाद मांडला. ज्यानं त्यानं आपापल्या सहीवरून उचलला.

दसऱ्यानंतर बोर्डावर ऑपरेटरांची यादी लागली. शेवटी, बॉलपेननं, माझा नंबर. दादा आता नव्या माणसांना सांगतात, "हिला गाडी काढाया मीच सांगितलं व्हतं." खोटं नाही ते. पुतण्या अजून माझ्याशी बोलत नाही. आणि पेंट शॉपमध्ये दोन मुली घेतल्यावर परवा पुन्हा एक अर्ज आला. या वेळी शुद्धलेखन तपासून.

पण त्या खंडेनवमीला घरी गेले तेव्हा आत्या दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसल्या होत्या.

"वाढवला?"

"वाढवला. एका घावात!"

त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, तळव्यावरचे ओरखडे बघितले. अकरा वर्षं नारळ वाढवलेली जाणकार बाई ती.

"किती घाव?"

"दोन," मी म्हणाले.

त्या बघतच राहिल्या.

"तीन."

आत्यांनी माझी मूठ बंद केली. "कुणाला सांगताना एकच सांग," म्हणाल्या, आणि शेजारणीला हाक मारायला उठल्या.