म्हणून दाखवा

तीर्थपुरीच्या बाजारगल्लीत एकाच गाळ्यात दोन दुकानं आहेत. पुढं माऊलीचं मोबाइल दुरुस्तीचं, मागं माझं ब्लाऊज शिवायचं, मधी प्लायवूडची फळी. मी नंदाबाई. बारा वर्षं झाली, फळीच्या अलीकडं मशीन चालवून राह्यले, तव्हा पलीकडं काय बोलणं चाललंय ते नको असलं तरी कानावर पडतं. माऊलीला मी धाकट्या भावावानी मानते. त्याला कोणी नावं ठेवली तर मी भांडायला उठते. पण त्यानं जे केलं ते मीच सांगणार. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापरीस मी सांगितलेलं बरं.

माऊली बारावी पास, तेबी दुसऱ्या खेपेला. स्क्रीन बदलणं, चार्जिंगची पिन बसवणं ही कामं गल्लीत अजून दोघं करतात. माऊलीकडं लोक येतात ते लॉकसाठी. आल्या आल्या म्हणतात, कीबोर्ड बिघडला. निम्म्या वेळा कीबोर्डला धाड भरलेली नसते. फोन बंद करून चालू केला, की लॉक उघडेपर्यंत आपण वरून टाकलेला मराठी कीबोर्ड येतच न्हाई, फोनचा मूळचा इंग्रजी कीबोर्ड येतो. जे लोक माईकवर बोलून लिहितात त्यांना तिथं माईकबी दिसत न्हाई. मंग माणूस घाबरतो, काहीबी दाबत सुटतो. पाच चुका झाल्या की फोन म्हणतो थांबा. त्यानं माणूस अजूनच घाबरतो.

अशा माणसाला माऊली आधी पाणी पाजायचा. मंग म्हणायचा, पासवर्ड लिहून दाखवू नका, म्हणून दाखवा. टेंभुर्णीचे अण्णासाहेब इथं लेकीकडं आल्ते तव्हाची गोष्ट. हेडमास्तर राहिलेला माणूस. पासवर्ड म्हणजे गावाचं नाव, आन् ते स्टँडवरच्या पाटीवर आहे तसं बराबर टाकत होते. फोन घेईना. माऊली म्हणला, सर, म्हणून दाखवा. सर म्हणले, "टेंबुर्नी." माऊलीनं एक एच काढून टाकला आन् फोन खुलला. सरांना लाजल्यासारखं झालं. माऊलीचं म्हणणं एकच होतं, अक्षरं इंग्रजी असली तरी तोंड आपलंच राहतं, लोक शाळेत शिकवल्यासारखं लिहीत न्हाईत, बोलल्यासारखं लिहितात. त्याचं खरं होतं. पण त्या खरेपणाचा त्याला माज चढला होता, आन् मीबी गिऱ्हाइकांपुढं त्याचं कौतुक करून तो वाढवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय उगंच न्हाई.

शालू माझं गिऱ्हाईक. राहायची अंकुशनगरला, नवरा कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर. तिकडं काय शिवणाऱ्या बाया कमी आहेत का? पण मी शिवलेलं तिला बसायचं, म्हणून ती यायची, आन् सासरच्यांनी तिला एकटीनं बाहेर पडू दिलेलं असं तेवढंच एक काम होतं. माझ्याकडं बसली तरी दाराकडं तोंड करून बसायची. संक्रांतीच्या आधी आली तव्हा मला म्हणाली, आक्का, फोनवरचा पॅटर्न नवऱ्याला कसा कळतो? मी म्हणलं, तूच सांगितला असशील. तर म्हणाली न्हाई, तो फोन उजेडात तिरपा धरतो, काचेवर बोटाचे डाग दिसतात, डागावरून रेघ ओढतो. मंग जेवताना तिला तिच्याच बहिणीचे मेसेज वाचून दाखवतो. एकेक घास खातो आन् एकेक वाचतो.

बहीण म्हणजे उमा, जालन्यात ऑफिसात नोकरीला. ती म्हणून राह्यली होती की तू निघून ये, पुढचं मी बघते. पण निघायचं कधी, कसं, हे बोलायला शालूकडं त्या फोनशिवाय काही नव्हतं. मीच तिला फळीच्या पलीकडं नेलं. माऊलीला म्हणलं, हिचं कुलूप पक्कं करून दे.

आन् त्यानं काम मन लावून केलं, खोटं कशाला बोलू? पॅटर्न काढून टाकला. लॉकवर मेसेज आला तरी आतला मजकूर दिसणार न्हाई असं करून दिलं. मंग म्हणला, ताई, आता एक शब्द ठेवा, चार अक्षरं तरी पाहिजेत, आन् कोणाला सांगू नका, मलाबी न्हाई. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शालूनं दोनदा शब्द टाकला आन् हसली. दीड वर्षात मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. फळीच्या अलीकडं आल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणाली, असा शब्द ठुलाय आक्का, की त्यानं इचारलं तरी मला खोटं बोलायचं काम न्हाई. मला काही समजलं न्हाई. मी आपली काजं-बटणाच्या नादात.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी दुकानात एक माणूस आला. मी मशीनवर होते, मला त्याची पाठ दिसत होती आन् बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं, राहिलेलं माऊलीनं मागून सांगितलं. लई आदबीनं बोलत होता. बायको दवाखान्यात आहे, तिचे रिपोर्ट फोनमधी आहेत, डॉक्टर मागून राह्यलेत, आन् फोन सकाळी बंद पडून चालू झाल्यापासून कीबोर्डच बराबर येत न्हाई. तिचं नाव टाकून बघितलं, लग्नाची तारीख टाकून बघितली. माऊलीनं कीबोर्ड बघून दिला, म्हणला कीबोर्ड ठीक आहे, शब्द चुकून राह्यला. वहिनींना इचारलं का?

"इचारलं ना," तो म्हणला. "एकच बोलती. न्हाई. दहादा इचारलं, दहादा न्हाई."

माझं मशीन चालू होतं. त्याच येळेला ते बंद असतं तर, असं मी किती रातंदिस मनाशी म्हणलं असंल.

माऊली म्हणला, "कसं म्हणल्या? म्हणून दाखवा."

"न्हाई."

माऊलीनं चार अक्षरं टाकली. एन, एच, ए, आय. फोन खुलला, आन् माऊली टाळी वाजवून हसला. म्हणला, भाऊ, वहिनींनी तुम्हाला सांगितलाच होता की, तुम्हीच रागाला आले.

हसणं ऐकून मी मशीन थांबवलं आन् फळीच्या कडेला आले. माऊलीच्या हातात फोन होता, आन् फोनवर दोघी बहिणींचा फोटो होता. शालूच्या अंगात मी शिवलेला मोरपंखी ब्लाऊज. मला तो लांबूनबी ओळखू आला. मी तोंड उघडणार तोवर त्या माणसानं फोन काढून घेतला. तो हसला न्हाई. तिथंच काउंटरला टेकून अंगठ्यानं वर वर सरकवत वाचत राहिला. रिपोर्ट बघताना माणूस फोटो बघतो, मोठे करून बघतो. हा वाचून राह्यला होता. पुरी दहा मिनटं वाचलं. मंग फोन खिशात घातला, माऊलीला हात जोडले, लई उपकार झाले म्हणला आन् गेला.

मी माऊलीला इचारलं, फोन कोणाचा होता कळतं का तुला? त्याला कळालं नव्हतं. कव्हर नवीन होतं, आन् दिवसाला तीस फोन त्याच्या हातातून जातात. मी शालूचं नाव घेतलं तसा तो खाली स्टुलावर बसला. म्हणला, आक्का, दवाखान्यात आहे म्हणला तो. रिपोर्ट म्हणला.

मला असा संताप आला, मी काही राखलं न्हाई. म्हणलं, "मेल्या, ती न्हाई म्हणाली. त्या राक्षसाला न्हाई म्हणजे न्हाई हे कळालं होतं. तुलाच कळालं न्हाई."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, तसं झालं. उमा गाडी घेऊन येणार होती गुरुवारी, हे मला शालूनं नवा ब्लाऊज टाकायला आली तव्हा सांगितल्तं. म्हणजे ते सगळं त्या मेसेजात असणारच. दिवस, येळ, गाडी कुठं थांबणार ते. मधी एक दिवस राहिला होता.

आन् मंग मी काय केलं? शालूला सावध करावं म्हणून घाईघाईत तिला फोन लावला. तिचा फोन कोणाच्या खिशात आहे हे माझ्याबी डोक्यात आलं न्हाई. माऊलीला शहाणपण शिकवणारी मी. दोनच रिंग गेल्या.

"हां, नंदाबाई टेलर," तो म्हणला. "बोला. ब्लाऊज झाला का?"

मी फोन कापला. आता त्याला मीबी ठाऊक झाले.

माऊलीनं शटर ओढलं, मला गाडीवर बसवलं आन् आम्ही अंकुशनगरची वाट धरली. ऊस तोडीचे दिवस. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या, वाट म्हणून मिळंना. दर ट्रॅक्टरमागं थांबलं की माऊली म्हणायचा, आक्का, मी काय केलं. मी म्हणायची, गाडी हाण. त्याच्यावर दया करायची माझी इच्छा नव्हती.

पोचलो तर दारात त्याची गाडी उभी. अंगणात तो खाटेवर बसलेला, चप्पल काढून, निवांत. देवानंद त्याचं नाव, ते मला तिथं सासूनं हाक मारली तव्हा कळालं. आम्हाला बघून तो उठला, या म्हणला, खुर्च्या मांडल्या. मी म्हणलं, शालूला बोलवा, ब्लाऊजचं माप राहिलंय. तो म्हणला, तिची तब्येत बरी न्हाई, पडून आहे, चहा घेऊन जा. मी मोठ्यानं हाक मारली. आतून आवाज आला, "आक्का, तुम्ही जा." आवाज शालूचाच होता. दार लोटलेलं होतं आन् दारापुढं सासू बसलेली. सासूनं आम्हाला खरंच चहा दिला. मी एक घोट घेतला न्हाई. माऊलीनं कप हातात धरून ठेवला, साय धरेपर्यंत.

परतीच्या वाटेवर मी पोलिसांना फोन केला. दोघं जण जाऊन आले, संध्याकाळी मला त्यांनी कळवलं की बाईनं सगळ्यांसमोर सांगितलं, काही तक्रार न्हाई. सगळ्यांसमोर इचारल्यावर ती दुसरं काय सांगणार? उमाचा नंबर माझ्याकडं नव्हता, माऊलीकडं नव्हता. तो शालूच्या फोनात होता. गुरुवारी उमा ठरल्याप्रमाणं गाडी घेऊन आली, शालू दिसंना म्हणून घरी गेली तर घराला कुलूप. शेजारी म्हणले, पाव्हण्याकडं गेलेत. ती बिचारी इचारत इचारत माझ्या दुकानापर्यंत आली आन् मी तिला सगळं सांगितलं. तिनं माऊलीकडं एकदा बघितलं आन् गाडीत जाऊन बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माऊलीचं हसणं बंद झालं. काउंटरवर त्यानं जाड पेननं कागद लिहून चिकटवला, फोन ज्याचा, तो माणूस सोबत असेल तरच लॉकचं काम होईल. कोणी भांडलं तर तो कागदाकडं बोट दाखवायचा. म्हणून दाखवा म्हणायचं तर त्यानं सोडूनच दिलं. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, माऊलीचा हात गेला.

सोळा दिवसांनी देवानंद आला. मागं शालू. डोक्यावरून पदर, उजवा हात पदराच्या आत. माझं मशीन तव्हा बंद होतं. मी कात्री हातात तशीच घेऊन पुढं आले. देवानंदनं कागद वाचला, मोठ्यानं वाचला, आन् म्हणला, घ्या, मालकीण संगं आणली. लॉकच काढून टाका, आमच्यात लपवाछपवी न्हाई.

मी शालूला म्हणलं, आत ये, माप घेते. ती जागची हलली न्हाई. मी इचारलं, हाताला काय झालं? उत्तर देवानंदनं दिलं. पडली म्हणला. मी त्याला म्हणलं, मी तुला न्हाई इचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् नुसता मान डोलवत राहिला.

माऊलीनं फोन हातात घेतला. सेटिंगमधी गेला, लॉकच्या जागी थांबला. लॉक काढायचं तरी फोन आधी एकदा जुना पासवर्ड मागतोच. माऊलीनं फोन काउंटरवरून शालूपुढं सरकवला. खाली बघत म्हणला, ताई, पासवर्ड तुम्ही टाका.

शालूनं पदरातून हात काढला न्हाई. फोनकडं बघितलं न्हाई. माऊलीकडं बघितलं.

"तुम्हाला येतो की भाऊ," ती म्हणाली. "तुम्हीच टाका."

देवानंद बाजूला उभा होता, ट्रॅक्टरची चावी बोटात फिरवत. माऊलीनं फोन आपल्याकडं वळवून चार अक्षरं टाकली. फोननं इचारलं, लॉक काढून टाकायचं का. त्यानं हो दाबलं.