ओव्हन नसलेल्या घरातला केक

लालबागला आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे आणि त्यात आम्ही राहतो, म्हणजे आमची प्रगती झाली आहे. शंका घ्यायची सोयच नाही, कारण खाली लॉबीत तसं लिहून ठेवलंय, तेही इंग्रजीत. चाळीत शेजारीण वाटीभर सोलकढी घेऊन थेट चुलीपर्यंत यायची. आता तीच शेजारीण दुसऱ्या विंगमधून निघते, वॉचमन तिचा फोटो काढतो, फोटो माझ्या मोबाइलवर येतो, मी चष्मा शोधून ‘मंजूर’ दाबते आणि मग सोलकढी वर येते. तोवर ती कोमट झालेली असते, पण सुरक्षित असते.

चाळीच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांतली मी नाही. सकाळची संडासाची रांग मी विसरलेले नाही. मला फक्त हिशेब कळत नाही. बाबांच्या जुन्या मासिकांत मिक्सरची एक जाहिरात यायची. कडक इस्त्रीच्या साडीतली बाई मिक्सरवर हात ठेवून हसत असे आणि खाली लिहिलेलं असे की आता गृहिणीला फुरसतच फुरसत. त्यानंतर घरात मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारं अ‍ॅप आलं. वाचलेला सगळा वेळ कुठे गेला म्हणाल, तर मशीनवाल्याच्या फोनची वाट बघण्यात.

ही मासिकं म्हणजे बाबांची एकुलती एक चैन. ते गिरणीत कारकून होते. मासिक आलं की चाळीचा क्रम ठरलेला होता. आधी आमच्या घरी, मग आमच्या मजल्यावर, मग खालच्या. शेवटी परत येई तेव्हा त्याला हळदीचे डाग असत, कडेला लोकांचे शेरे असत आणि तळल्या बांगड्याचा वास असे. आमच्या घरातही क्रम होता. आधी आई वाचायची, आणि वाचताना तिच्या हातात कात्री असायची. पाककृती दिसली की ती कापून डब्यात टाकायची. संपादकांनी काय वैर धरलं होतं कोण जाणे, पाककृतीच्या पाठीमागे बहुतेक वेळा कुठल्यातरी कथेचा शेवट यायचा.

बाबा चिडायचे नाहीत. ते गव्हाच्या खळीने भोकावर कोरा कागद चिकटवायचे आणि पेन्सिलीने आपला शेवट लिहायचे. कथा प्रेमाची असो, खुनाची असो, बाबांच्या शेवटात सगळी मंडळी घरी परतायची आणि जेवायला बसायची. कोपऱ्यातल्या खोलीतल्या मास्तरांनी एकदा मूळ अंक मिळवून जाहीर केलं की नायिका खरं तर विहिरीत उडी टाकते. चाळीतल्या बायकांनी त्यांना वेड्यात काढलं. ती भाजी-भाकरी खाऊन झोपल्याचं सगळ्यांनी स्वतः वाचलं होतं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. टॉवरमध्ये येताना आईने एकच मागणं केलं, ह्यांची मासिकं बरोबर आली पाहिजेत. पण टॉवरमध्ये माळा नसतो. माळ्याच्या जागी छुपे दिवे असतात. तेव्हा माझा धाकटा भाऊ पुढे सरसावला. तो वरळीला राहतो आणि त्याच्या घरातले पडदेसुद्धा आज्ञा पाळतात. त्याने सगळे गठ्ठे नेले, पानन् पान स्कॅन करून घेतलं आणि एका रविवारी आईच्या हातात टॅबलेट ठेवला. सगळी मासिकं आता हातात मावतात, वर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, असं त्याने ऐकवलं. कागदांचं काय केलंस, असं मी विचारलं. ते रद्दीत गेले होते, कधीच.

आईने सगळ्यात आधी एक जुनी कथा काढायला लावली. घर सोडून निघालेली मुलगी ट्रंक घेऊन धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी असते, ती. भावाने बोटाने पानं सरकवली. पान स्वच्छ होतं. हळद नाही, शेरे नाहीत. मुलगी धक्क्यावर उभी होती आणि तिच्यापुढे पांढराशुभ्र चौकोन होता.

भाऊ म्हणाला, अ‍ॅप फारच हुशार आहे, डाग आणि हाताने लिहिलेलं सगळं आपोआप पुसून टाकतं. हे तो अभिमानाने म्हणाला. वाक्य संपता संपता त्याचा चेहरा पडला.

आईने त्या चौकोनावरून बोट फिरवून पाहिलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आई, तूच कापलंस ना ते, आणि त्यातलं काही कधी केलं नाहीस.

“करणार कशी?” ती म्हणाली. “ते केक होते गो. आपल्याकडे ओव्हन होता कुठे?”

मग तिने सांगितलं. बाबांनी जन्मात कधी तिच्या जेवणाला बरं म्हटलं नाही. खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. पण त्यांनी लिहिलेल्या शेवटात जी मंडळी घरी येऊन जेवायची, त्यांच्या ताटात त्या दिवशी आईने केलेलं असायचं. आणि ती माणसं मागून मागून घ्यायची. हे लक्षात आल्यापासून आई कात्री घेऊनच वाचायला बसायची, आधी पान उलटून मागे कथेचा शेवट आहे ना, ते बघायची. मी इतकी वर्षं तिच्या केकांना हसत आले होते. त्या क्षणी मला रडू आलं.

भाऊही हवालदिल झाला होता. त्याने स्वतःला ठाऊक असलेला एकमेव उपाय केला. कथा टॅबलेटमधल्या एआयला वाचायला दिली आणि शेवट मागितला. चहा उकळायच्या आत शेवट आला. भाषा आमच्यापेक्षा शुद्ध होती. मुलगी बोटीत चढते, समुद्राचा वारा तिच्या केसांतून वाहतो आणि तिला स्वतःची नवी ओळख सापडते. भावाने तो मोठ्याने वाचून दाखवला.

आईने सगळा ऐकून घेतला.

“बरं लिहिलंय,” ती म्हणाली. “पण ती जेवली काय?”