नादारीचा अर्ज मी का केला नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या वहिनीचे. भाऊ गेल्यावर तिला देवगडच्या शाळेत शिपायाची नोकरी मिळाली आणि त्या पगारातून तिने मला बी.कॉम. केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

तोंडवलीला मी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या ठरवल्या, तेव्हा जमीन चुलत घराशी सामायिक म्हणून कुणी गहाण घेईना. पतसंस्थेने जामीनदार मागितला. वहिनीने फॉर्म न वाचता सही केली. मी तो वाचला होता. कमी पडलेले पैसे दोन खासगी कंपन्यांकडून चढ्या व्याजाने उचलले.

खोल्या उभ्या राहिल्या आणि माझ्या थोरल्या चुलतभावाने, दादाने, वाटेवर चिऱ्यांचा गडगा घातला. गाडी आत येईना, मग गिऱ्हाईकही येईना. दुसऱ्या वर्षी हप्ते थकले.

कुडाळचा एक हॉटेलवाला माझा हिस्सा घ्यायला तयार झाला. सगळं कर्ज फिटलं असतं. तेवढ्यात देवळात गाऱ्हाणं झालं. आमच्या घराच्या वतीने ते दादाच घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी एका सुरात हो म्हणायचं असतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातलो एक झिल कर्जात बुडालो आसा. तेका सुबुद्धी दी आणि तेचो हिस्सो घराभायर जाव देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. लहानपणापासूनच्या सवयीने मीही म्हणालो. अर्थ लागला तो नंतर.

बाहेर चपला घालताना मी त्याला गाठलं. "दादा, देवाच्या आडून कित्याक बोलतंस?"

"मी खंय बोललो? व्हय तूच म्हटलंस. बी.कॉम. पण असाच झोपेत केलंस काय रे?" दोघेतिघे हसले. मग हळूच म्हणाला, "तुझो हिस्सो मी घेतंय. अर्ध्या भावान. घरातल्या घरात."

आठवड्यात हॉटेलवाल्याचा फोन आला. देवासमोर शब्द गेलेली जागा त्याला नको होती.

मी ओरोसला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करता येईल. मंजूर झाला तर कोर्टाचा रिसीव्हर तुमचा हिस्सा विकेल, ज्याला विकायचा त्याला. तो काही गाऱ्हाणं ऐकत नाही." मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. कर्जातून सुटण्यापेक्षा दादाचं तोंड बघायची मला घाई होती. सही करायला पेन काढलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "जामीनदार कोण आहे? तुम्ही सुटाल, तो सुटत नाही. पतसंस्था त्याच्या पगाराला हात घालेल."

मी वहिनीला फोन केला.

"घाल तू अर्ज," ती म्हणाली. "माझो फंड आसा."

"तो तुझ्या म्हातारपणाचो."

"तेका तू आसस मां. जेवलंस?"

महिन्याभराने, सगळं उरकल्यावर, मी तिला हे पत्र पाठवलं.

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. मी अर्ज केला नाही. हिस्सा दादाला दिला, त्याने सांगितलेल्या अर्ध्या किमतीत. खरेदीखताच्या वेळी त्याने चहा मागवला, मी घेतला नाही. पैसे सरळ पतसंस्थेत भरले. त्यांनी दंडव्याज सोडलं आणि तुझी जामीनकी रद्द केली. तो कागद सोबत आहे, जपून ठेव.

दोन्ही कंपन्यांचं देणं बाकी आहे. तळेऱ्याला पेट्रोल पंपावर हिशेबाची नोकरी मिळाली आहे. त्यांच्याकडून हप्ते पाडून घ्यायचा प्रयत्न करीन. ते नाहीच ऐकले तर नादारीचा अर्ज तेव्हा करीन. त्यात तुझं नाव कुठेही येणार नाही.

फंडाला हात लावू नकोस. आणि दादाला माफ कर, असं मला सांगू नकोस. आजवर तुझं मी सगळं ऐकलं; अर्जाचं ऐकलं नाही, हेही ऐकणार नाही.